फोन रूट करायचाय? मग सावकाश

रेडमी नोट ७ प्रो २०१९ साली भारतात आला, भरपूर विकला गेला आणि आज कितीतरी घरांत खणात पडून आहे. स्क्रीन शाबूत, कॅमेरा बरा, पण कंपनीची अपडेट केव्हाच बंद झालेली. अशा फोनवर काहीतरी करून बघावं असं वाटणं साहजिक आहे. रूट, टीडब्ल्यूआरपी, मॅजिस्क ही नावं कानावर आलेली असतात आणि ‘दहा मिनिटांत रूट’ छापाचे व्हिडिओही पाहिलेले असतात. शेवटच्या कामाला दहा मिनिटं पुरतात हे खरं. त्याआधीची आठवडाभराची तयारी मात्र त्या व्हिडिओत नसते, आणि फोन बिघडतात ते बहुतेक वेळा त्या तयारीत काहीतरी राहिल्यामुळेच. हा लेख याच एका फोनला समोर ठेवून लिहिला आहे. आपला फोन वेगळा असेल तर तपशील बदलतील.

आधी तीन शब्द समजून घेऊ. फोनचं बटण दाबल्यावर सगळ्यात आधी जो प्रोग्राम चालतो तो बूटलोडर. पुढचं सॉफ्टवेअर कंपनीचंच आहे ना, हे तपासून मगच तो ते सुरू करतो. रिकव्हरी ही अँड्रॉइडपासून वेगळी असलेली छोटी व्यवस्था आहे. अपडेट बसवणं किंवा फोन पुसून कोरा करणं ही कामं तिथून होतात. कंपनीच्या रिकव्हरीत दोन-तीनच पर्याय असतात. टीडब्ल्यूआरपीसारखी बाहेरची रिकव्हरी बसवली की अख्ख्या सिस्टिमचा बॅकअप घेता येतो आणि दुसरी रॉम, म्हणजे कुणी वेगळ्याने तयार केलेलं अँड्रॉइड, टाकता येते. रूट म्हणजे सर्वाधिकार. एरवी कुठल्याही अ‍ॅपला ज्या फायलींना हात लावता येत नाही, त्या वाचण्या-बदलण्याची मुभा त्यातून मिळते.

हा सर्वाधिकार आपल्याला खरंच हवा आहे का, हे आधी ठरवावं. कंपनीने आधीच भरून दिलेली नकोशी अ‍ॅप्स काढण्यासाठी रूट लागत नाही. फोन संगणकाला जोडून एडीबी या गूगलच्या मोफत साधनाने ती आपल्यापुरती काढता येतात. जाहिराती अडवायच्या असतील तर सेटिंग्जमधल्या प्रायव्हेट डीएनएसने बरंचसं काम होतं. रूट करायला निघालेल्यांपैकी बऱ्याच जणांची गरज इथेच भागते, असं माझं मत आहे.

तरीही करायचंच असेल तर रोजच्या वापरातला फोन घेऊ नये. बँकांची आणि यूपीआयची अ‍ॅप्स गूगलच्या प्ले इंटिग्रिटी या तपासणीवर भरवसा ठेवतात. बूटलोडर उघडा दिसला किंवा रूट आढळलं तर त्यातली अनेक चालायला नकार देतात. ते लपवणारे उपाय मिळतात, पण आज चाललेला उपाय गूगलच्या पुढच्या बदलात बंद पडतो. भाजीवाल्यासमोर उभं राहून कळण्याची ही गोष्ट नव्हे. सॅमसंगचा फोन असेल तर आणखी एक विचार करावा. त्यात बाहेरचं सॉफ्टवेअर चढवलं की नॉक्स नावाची एक नोंद चिपमध्येच कायमची बदलते. नंतर मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं तरी ती पूर्ववत होत नाही, आणि सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी जातात त्या जातातच.

फोन ठरला की त्याचं सांकेतिक नाव शोधावं. प्रत्येक मॉडेलला बनवणाऱ्यांनी असं एक नाव दिलेलं असतं. रेडमी नोट ७ प्रोचं नाव व्हायोलेट, तर साध्या रेडमी नोट ७ चं लॅव्हेंडर. खोक्यावर फरक ‘प्रो’ या एका शब्दाचा, पण आतली चिप निराळी. एकाची रिकव्हरी दुसऱ्यावर टाकली तर ती चालत नाही आणि पुढच्या घोटाळ्याला तिथून सुरुवात होते. फाइल उतरवताना नाव व्हायोलेटच आहे ना हे वाचून बघावं. फाइल टीडब्ल्यूआरपीच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्यावी आणि तिथे दिलेली पडताळणीची संख्या जुळते का तेही बघावं. ही संख्या फाइलच्या मजकुरावरून काढलेली असते. डाउनलोड अर्धवट झालं असेल तर ती जुळत नाही.

आता बॅकअप. बूटलोडर उघडताना फोन पूर्ण पुसला जातो, आणि त्याला अपवाद नाही. फोटो, व्हॉट्सअ‍ॅपचं संभाषण, संपर्क आणि ओटीपी देणारी ऑथेंटिकेटर अ‍ॅप्स या सगळ्याची सोय आधी लावावी. ऑथेंटिकेटरची आठवण लोकांना नेमकी नंतर होते. मेमरी कार्ड असेल तर काढून बाजूला ठेवावं.

मग बूटलोडर उघडण्याची परवानगी. सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीत जाऊन एमआययूआय, म्हणजे रेडमी बनवणाऱ्या शाओमीच्या अँड्रॉइडच्या, आवृत्तीवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स ही यादी उघडते. त्यात ओईएम अनलॉकिंग आणि यूएसबी डिबगिंग चालू करावं. त्याच यादीत ‘मी अनलॉक स्टेटस’ हा पर्याय आहे. तिथे आपलं शाओमीचं खातं या फोनशी जोडायचं. यासाठी सिम आत हवं आणि वायफाय बंद करून मोबाइल डेटा चालू हवा. वायफायवर प्रयत्न केला तर जोडणी होत नाही, आणि लोक उगाच पासवर्ड बदलत बसतात.

इथे थांबावं लागतं. संगणकावर शाओमीचं अनलॉक टूल चालवलं की ते बहुतेकदा १६८ तास थांबा असं सांगतं, म्हणजे सात दिवस. या काळात खातं काढून पुन्हा जोडू नये, त्यातून बाहेर पडू नये, फोन रीसेट करू नये. असं केलं की मोजणी पहिल्यापासून सुरू होऊ शकते. वाट न बघता पैसे घेऊन अनलॉक करून देणारे भेटतात. आपल्या खात्याचा पासवर्ड अशा माणसाच्या हाती देण्यात कसलंही शहाणपण नाही. एमआययूआयच्या जागी आलेलं हायपरओएस असलेल्या नव्या शाओमी फोनवर ही परवानगी मिळवणं याहून किचकट आहे.

मुदत संपली की फोन बंद करून आवाज कमी करण्याचं बटण आणि पॉवर बटण एकत्र दाबून धरावं. फास्टबूट नावाची अवस्था येते. इथे अँड्रॉइड सुरू नसतं, बूटलोडर थेट संगणकाशी बोलतो. जुन्या रेडमींवर या वेळी यंत्रमानव दुरुस्त करणारा कानटोपीवाला ससा दिसतो, इतरांवर नुसतं ‘फास्टबूट’ लिहून येतं. फोन विंडोज संगणकाला जोडून अनलॉक टूलमधलं बटण दाबलं की काम काही सेकंदांत होतं. फोन पुन्हा सुरू होताना कंपनीच्या नावाखाली ‘अनलॉक्ड’ अशी बारीक अक्षरं दिसली की जमलं.

या टप्प्यावर सर्वात जास्त वेळ खातात ती केबल आणि पोर्ट. संगणकाला फोन दिसत नसेल तर फास्टबूटचा ड्रायव्हर नीट बसलेला नसतो किंवा केबल फक्त चार्जिंगची असते. आणखी एक प्रकार आहे. आज्ञा दिल्याबरोबर ससा गायब होतो आणि काळ्या पडद्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘बंद करण्यासाठी कोणतंही बटण दाबा’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ उमटते. हे पाहून घाम फुटतो, पण फोनला काही झालेलं नसतं. नव्या संगणकांच्या यूएसबी ३ पोर्टशी जुन्या शाओमींचं अनेकदा पटत नाही. यूएसबी २ च्या पोर्टला किंवा जुन्या पद्धतीच्या यूएसबी हबला केबल लावली की तीच आज्ञा चालते.

आता घाईघाईने रिकव्हरी टाकायची नाही. आधी रूटची फाइल तयार करून ठेवायची, त्याचं कारण पुढे येईलच. मॅजिस्क हे रूट देणारं अ‍ॅप जॉन वू या विकासकाने सुरू केलं. ते मूळ सिस्टिमच्या फायलींना हात न लावता बूट इमेजमध्ये, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या छोट्या भागात, बदल करतं. मॅजिस्क गिटहबवरच्या त्याच्या मूळ पानावरूनच घ्यावं. त्याच्या नावाने सजवलेल्या नकली साइट बऱ्याच आहेत.

फोन कोरा झाला आहे, तो नेहमीसारखा सुरू करून सेटिंग्जमध्ये आवृत्तीचा पूर्ण क्रमांक वाचावा. नेमक्या त्याच क्रमांकाची फास्टबूट रॉम, म्हणजे फास्टबूटमधून टाकायची मूळ रॉम, उतरवून तिच्यातली बूट इमेज काढून घ्यावी. एक आकडाही मागेपुढे चालत नाही. दुसऱ्या आवृत्तीची बूट इमेज टाकली तर फोन सुरू होतो पण वायफाय लागत नाही, किंवा कंपनीच्या नावापाशीच घुटमळत राहतो. या घुटमळण्यालाच बूटलूप म्हणतात. ही फाइल फोनमध्ये ठेवून मॅजिस्कमध्ये इन्स्टॉल, मग फाइल निवडून पॅच करण्याचा पर्याय घ्यावा. सुधारलेली फाइल डाउनलोड फोल्डरमध्ये मिळते. ती संगणकावर घ्यावी आणि मूळ बूट इमेजही शेजारीच जपून ठेवावी. अँड्रॉइड १३ सह बाजारात आलेल्या नव्या फोनमध्ये हीच प्रक्रिया इनिट बूट नावाच्या वेगळ्या इमेजवर करायची असते.

यापुढच्या आज्ञा संगणकावर रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायच्या. फोन फास्टबूटमध्ये नेऊन ‘फास्टबूट डिव्हायसेस’ लिहिलं की एक क्रमांक दिसायला हवा. तो दिसल्याशिवाय पुढे जाऊ नये. मग ‘फास्टबूट फ्लॅश रिकव्हरी’ आणि त्यापुढे टीडब्ल्यूआरपीच्या फाइलचं नाव.

आज्ञा पूर्ण झाली की फोन सुरू होऊ द्यायचा नाही. आवाज वाढवण्याचं बटण आणि पॉवर दाबून धरून थेट रिकव्हरीतच जायचं. अँड्रॉइड एकदा सुरू झालं की ते स्वतःची मूळ रिकव्हरी परत बसवतं आणि आपली पुसून टाकतं. ‘टीडब्ल्यूआरपी टाकली होती, पण नाहीशी झाली’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. बूट इमेज बदललेली असेल तर ही परत बसवण्याची क्रिया सहसा फसते. म्हणून रूटची फाइल आधी तयार ठेवायची आणि दोन्ही कामं एका बैठकीत करायची.

टीडब्ल्यूआरपी पहिल्यांदा उघडताना बदलांना परवानगी द्यायची का असं विचारते. सध्या ‘फक्त वाचा’ हा पर्याय घ्यावा. ती स्क्रीनलॉकचा पिनही मागते, कारण फोनमधला मजकूर कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड, असतो. पिन स्वीकारला नाही, साठा शून्य एमबी दिसला किंवा फोल्डरांची नावं निरर्थक अक्षरांची दिसली तर मजकूर गेला असं समजू नये. त्या रिकव्हरीला कुलूप उघडता आलेलं नाही एवढंच. अशा वेळी फॉरमॅट डेटा दाबण्याची घाई करू नये, त्याने खरोखरच सगळं जातं.

बॅकअपच्या यादीत बूट, परसिस्ट आणि ईएफएस किंवा मोडेम अशी नावं असतील. ही छोटी असतात, निवडून कॉपी करून घ्यावीत. फोनची ओळख असलेला आयएमईआय क्रमांक आणि नेटवर्कच्या जुळण्या, सेन्सरची मापं यांच्याशी संबंधित माहिती यांत असते. ती खराब झाली की सिमला नेटवर्क मिळत नाही, आणि दुसऱ्याच्या फोनमधली फाइल आपल्याला चालत नाही. हा बॅकअप फोनमध्येच ठेवून उपयोग नाही, लगेच संगणकावर उतरवावा.

मग टीडब्ल्यूआरपीतूनच बूटलोडरमध्ये परत जाऊन ‘फास्टबूट फ्लॅश बूट’ आणि पुढे सुधारलेल्या फाइलचं नाव द्यावं. फोन सुरू केला की मॅजिस्क स्वतःचा आवृत्ती क्रमांक दाखवतं. रूट झालं. रिकव्हरीतून मॅजिस्कची झिप टाकण्याची जुनी पद्धत अजून सांगितली जाते, पण मॅजिस्कचे कर्तेच आता ती सुचवत नाहीत.

फोन सुरूच झाला नाही तर? फास्टबूट उघडत असेल तोवर घाबरण्यासारखं काही नाही. जपून ठेवलेली मूळ बूट इमेज त्याच आज्ञेने परत टाकावी, बहुतेक वेळा फोन उठतो. मॅजिस्कचं एखादं मॉड्यूल, म्हणजे जोडपुरवणी, टाकल्यावर फोन अडकला असेल तर तो सेफ मोडमध्ये सुरू करावा, मॉड्यूल आपोआप बंद होतात. मॉड्यूल एका वेळी एकच टाकावं, म्हणजे दोषी कोण हे शोधत बसावं लागत नाही. रूटची परवानगी मागणारी खिडकी आली आणि अ‍ॅप ओळखीचं नसेल तर नकार द्यावा.

दुरुस्त न होणारं नुकसान होतं ते बहुधा मूळ रॉम परत टाकताना, आणि त्याची दोन ठरलेली कारणं आहेत. पहिलं, अँटी-रोलबॅक. जुन्या आवृत्तीवर परत जाण्याला चिपच अटकाव करते. २०१८ मध्ये रेडमी नोट ५ प्रोच्या अनेक मालकांना हे भोवलं. जुनी रॉम टाकल्यावर फोन पार निपचित पडले आणि ते उठवायला शाओमीची अधिकृत परवानगी असलेलं खातं लागत होतं. ‘फास्टबूट गेटव्हार अँटी’ लिहिलं की आपल्या फोनचा आकडा कळतो. रॉमचा आकडा त्याहून कमी असेल तर ती टाकू नये.

दुसरं कारण शाओमीच्या ‘मी फ्लॅश’ या रॉम टाकण्याच्या टूलच्या खिडकीत तळाशी दडलेलं आहे. तिथे ‘सगळं पुसून लॉक करा’ हा पर्याय आधीच निवडलेला असतो. रॉम दुसऱ्या प्रदेशाची असेल आणि बूटलोडर लॉक झाला तर फोन सुरूच होत नाही. म्हणून प्रत्येक वेळी ‘सगळं पुसा’ एवढाच पर्याय स्वतः निवडावा. टीडब्ल्यूआरपी किंवा रूट असलेला फोनही कधीच लॉक करू नये.

पुढे हा फोन कुणाला द्यायचा झाला तर आपल्या प्रदेशाची मूळ रॉम टाकावी, ती लॉक न करता एकदा सुरू करून बघावी, सिम आणि वायफाय चालतात याची खात्री करावी. मगच बूटलोडर लॉक करावा आणि आपलं शाओमीचं आणि गूगलचं खातं काढून टाकावं. खातं तसंच राहिलं तर नव्या मालकाला फोन रीसेट केल्यावर आपला पासवर्ड मागितला जाईल, आणि त्याचा फोन आपल्यालाच येईल.