घरच्या टाक्यातील शेवाळ : मासे न गमावता नियंत्रण

वर्धा शहराला लागून असलेल्या सिंदी मेघेसारख्या गावात अनेक घरांच्या अंगणात वापराच्या पाण्याचे सिमेंटचे टाके असते. काही घरांत हौसेने काचपेटीतही मासे पाळले जातात. टाक्यात डासांच्या अळ्या खाण्यासाठी गप्पी मासे सोडण्याची पद्धत आपल्याकडे चांगलीच रुजली आहे. डेंग्यूचा डास घरात व घराभोवती साठवलेल्या पाण्यात वाढतो. लहान भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून कोरडा दिवस पाळता येतो. परंतु मोठे टाके दर आठवड्याला उपसणे शक्य नसते. तेथे गप्पी मासा हाच राखणदार असतो.

अशा टाक्यात तंतुमय शेवाळाचा गुंता झाला, की अळ्यांना लपायला जागा मिळते. मात्र शेवाळ घालविण्याच्या घाईत मासे मेले, तर डासांना मोकळे रान मिळते. म्हणून शेवाळाचा बंदोबस्त मासे सांभाळूनच करावा.

शेवाळ का वाढते?

शेवाळ हेही एक प्रकारे पीकच आहे. त्याला ऊन, नत्र व स्फुरद मिळाले की ते जोमाने वाढते. हे खत पाण्यात दोन वाटांनी येते.

पहिली वाट माशांच्या खाद्याची. ३२ टक्के प्रथिने असलेल्या १०० ग्रॅम खाद्यात सुमारे ५ ग्रॅम नत्र असते. त्याचा बराचसा भाग विष्ठा, अमोनिया व उरलेले खाद्य या रूपाने पाण्यातच राहतो.

दुसरी वाट विहिरीच्या अथवा बोअरच्या पाण्याची. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक भूजल गुणवत्ता अहवालात वर्धा जिल्ह्यातील ९० टक्क्यांहून अधिक नमुन्यांत नायट्रेटचे प्रमाण लिटरला ४५ मिलिग्रॅम या मर्यादेपेक्षा जास्त आढळले. याचा अर्थ शेतकऱ्याच्या भाषेत असा : ४५ मिलिग्रॅम नायट्रेट असलेले २०० लिटर पाणी टाक्यात भरणे म्हणजे त्यात सुमारे साडेचार ग्रॅम युरिया टाकण्यासारखेच आहे. म्हणूनच काही घरांत वारंवार पाणी बदलूनही शेवाळ हटत नाही. प्रत्येक नव्या पाण्याबरोबर खताचा नवा हप्ता मिळतो.

मोरचूद का टाकू नये?

संत्रा बागायतदारांच्या घरी बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद असतेच. त्याने शेवाळ मरते हे खरे. म्हणून चिमूटभर टाक्यात टाकण्याचा मोह होतो. परंतु हिशेब पाहावा. मत्स्यतळ्यात तज्ज्ञांच्या देखरेखीखाली मोरचूद वापरताना पाण्याची एकूण विम्लता मोजतात. ती लिटरला १०० मिलिग्रॅम असल्यास मोरचुदाची मात्रा लिटरला १ मिलिग्रॅम धरतात. विम्लता ५० पेक्षा कमी असल्यास ते वापरतच नाहीत. म्हणजे विम्लता १०० असलेल्या १०० लिटर पाण्यासाठी ही मात्रा ग्रॅमचा केवळ दहावा भाग होते. एक ग्रॅमची चिमूट पडली, तर मात्रा दहापट झाली.

तांब्यामुळे माशांचे कल्ले निकामी होतात. गोगलगायी तर अल्प प्रमाणातही मरतात. त्यातून मासे वाचले तरी दुसरा धोका उरतो. एकदम मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातील प्राणवायू संपविते. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३५ अंशाला जेमतेम ७. त्यामुळे आपल्या भागातील उन्हाळ्यात ही चूक अधिकच महागात पडते. ब्लीचिंग पावडर व तणनाशके यांचाही वापर टाक्यात करू नये.

सुरक्षित उपाय

१) ऊन तोडावे. टाक्यावर ५० टक्के सावलीची शेडनेट बांधावी. काचपेटी खिडकीजवळ ठेवू नये. तिचा दिवा दिवसातून ६ ते ८ तासच लावावा.

२) खाद्य कमी करावे. काचपेटीतील मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढेच खाद्य द्यावे. टाक्यातील गप्पींना वेगळे खाद्य देऊ नये. अळ्या व थोडे शेवाळ यांवर ते जगतात.

३) शेवाळ हाताने काढावे. तंतुमय शेवाळ खरबरीत काठीवर गुंडाळून बाहेर काढावे व शेणखताच्या खड्ड्यात टाकावे. भिंती साबण न लावता घासाव्यात.

४) खत खाणारी वनस्पती लावावी. हायड्रिला किंवा वॅलिसनेरिया नत्र शोषून घेते. वाढलेला भाग अधूनमधून छाटून बाहेर काढावा, तरच नत्र पाण्याबाहेर जाते.

५) पाणी बेताने बदलावे. काचपेटीत दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलणे पुरेसे आहे. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट जास्त असल्यास छपरावरून साठवलेले स्वच्छ पावसाचे पाणी निम्मे मिसळावे. क्लोरीनयुक्त नळाचे पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवून मग वापरावे. गाळणीचा स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच धुवावा. क्लोरीनमुळे त्यातील उपयुक्त जिवाणू मरतात.

६) काचपेटीतील पाणी हिरवेगार झाल्यास पेटी ३ ते ४ दिवस काळ्या कापडाने झाकावी. या काळात हवेचा पंप अखंड चालू ठेवावा. नंतर तळाचा गाळ काढून चौथा हिस्सा पाणी बदलावे.

सकाळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करीत असल्यास प्राणवायू कमी पडला असे समजावे. रात्री शेवाळही प्राणवायू वापरते. अशा वेळी लगेच पंप लावावा किंवा तांब्याने पाणी उंचावरून सोडत राहावे.

विशेष काळजी

पाण्यावर निळसर-हिरवा, दुर्गंधीयुक्त तवंग आल्यास ते खरे शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया असतात. त्यांपैकी काही विषारी असल्याने असे पाणी जनावरांना पाजू नये. शेवाळ खाण्यासाठी विकत मिळणारा सकर मासा फार मोठा वाढतो. बाहेर सोडल्यामुळे पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भागात तो पसरला आहे. तो किंवा परदेशी मूळ असलेला गप्पी धाम नदीत, नाल्यात अथवा शेततळ्यात सोडू नये.

थोडे शेवाळ भिंतीला राहिले तरी हरकत नाही. ते अमोनिया शोषून माशांना मदतच करते. पाण्यातील नायट्रेट मात्र एकदा अवश्य तपासून घ्यावे व त्यासाठी सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी. नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त असलेले पाणी तान्ह्या बाळांना देऊ नये. ते उकळल्याने नायट्रेट कमी होत नाही, हेही लक्षात ठेवावे.