शिकाऊ हातांची सही

गणपतीचे डोळे सगळ्यात शेवटी आखतात. अंगाचा रंग बसतो, पितांबर, शेला, दागिने होतात आणि मग मूर्ती आखणीवाल्यापुढे येते. आधी पांढरं, मग बुबुळ, मग पापणीची काळी रेघ, भुवई, आणि शेवटी बुबुळावर चमक देणारा एक बारीक ठिपका. दोन्ही डोळ्यांची नजर जुळली नाही तर मूर्ती तिरळी दिसते आणि महिन्याभराची मेहनत फुकट जाते. उरण तालुक्यातल्या चिरनेरपासून पेण, हमरापूर, जोह्यापर्यंतच्या कारखान्यांत पावसाळ्यात ब्रश धरून बसलेल्यांमध्ये कलामहाविद्यालयातली पोरंपोरीही असतात. मजुरी बहुधा नगावर. मूर्ती कारखान्याच्या नावाने विकली जाते. डोळे कुणी आखले हे घरी आरती करणाऱ्याला कधीच कळत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ पदवीच्या श्रेयांकांत आणलं. ही कल्पना नवी असल्यासारखं आता बोललं जातं. महाराष्ट्रातल्या कलाशिक्षणाचा इतिहास मात्र कामाच्या जागी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनीच भरलेला आहे, आणि त्यातल्या बहुतेकांची नावं पुसली गेली आहेत.

ज्याचं नाव राहिलं असा एक जण उरणच्या अगदी शेजारचा. करंजाहून तरीने रेवसला उतरलं की तिथून सासवणे जवळच. विनायक पांडुरंग करमरकर तिथे १८९१ साली जन्मले. घरात गणपती होत, त्यामुळे माती मळण्यापासूनचं शिक्षण अंगणातच झालं. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या नजरेस पडलं आणि मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. पुढे कोलकात्यात स्टुडिओ, लंडनच्या रॉयल अकादमीत शिक्षण, आणि १९२८ साली पुण्याच्या शिवाजी मिलिटरी स्कूलमधला अश्वारूढ पुतळा. साडेतेरा फुटांचा हा पुतळा एकसंध ओतलेला. हे काम आधी गणपतराव म्हात्र्यांकडे होतं, ते रेंगाळलं म्हणून करमरकरांकडे आलं. सासवण्याच्या घरात आज त्यांचं शिल्पालय आहे. तिथली सिमेंटमधली साधी गावची माणसं पाहिली की अंगणातल्या त्या पहिल्या शाळेचं ऋण लक्षात येतं. पण करमरकरांना रॉथफिल्ड भेटला. ज्यांना कुणी भेटलं नाही, त्यांचं काय?

त्यांचा शोध घेत गेलं की गाठ पडते जे. जे.च्याच एका विद्यार्थ्याशी, पेस्तनजी बोमनजींशी.

जे. जे. १८५७ साली सुरू झालं. १८६५ साली लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे दोन शिक्षक इंग्लंडहून आले आणि वर्गाबरोबर कार्यशाळा उघडल्या. विद्यार्थी मातीत, प्लास्टरमध्ये, रंगात हात घालू लागले. क्रॉफर्ड मार्केटवरची शिल्पपट्टी किपलिंगची. पुढे १८७८ ते १८८८ या काळात बांधल्या गेलेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या भिंतींवरची पानंफुलं, पशुपक्षी, मुखवटे यांत जे. जे.च्या विद्यार्थ्यांचा मोठा हात. रोज लाखो माणसं त्यांच्याखालून लोकल पकडायला धावतात. इमारतीचं श्रेय फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सला, आणि ते योग्यच. पण कुठला मोर कुठल्या विद्यार्थ्याचा, हे सांगणारी पाटी नाही.

अजिंठ्याची गोष्ट याहून खोल जाते. तिथल्या भित्तिचित्रांच्या रॉबर्ट गिलने वीस वर्षं खपून केलेल्या नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत गेल्या. बोटांवर मोजण्याइतक्या वाचल्या. सरकारने ते काम पुन्हा करायचं ठरवलं आणि ग्रिफिथ्सकडे सोपवलं. १८७२च्या हिवाळ्यात तो विद्यार्थ्यांना घेऊन वाघूर नदीच्या खोऱ्यात पोहोचला. काम मधे थांबलं, पुन्हा सुरू झालं, आणि १८८५पर्यंत चाललं. सुमारे तीनशे नकला झाल्या.

या विद्यार्थ्यांत पेस्तनजी आघाडीवर होता. जन्म १८५१चा; म्हणजे अजिंठ्याला गेला तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचा. जे. जे.त तो शिल्पकलेसाठी आलेला, ग्रिफिथ्सने त्याला चित्राकडे वळवलं. तैलरंग, युरोपीय छायाप्रकाश आणि मोजूनमापून केलेलं रेखाटन शिकलेल्या या पारशी तरुणापुढे एकदम बोधिसत्त्व पद्मपाणी उभा राहिला. छायाप्रकाशाने नव्हे, तर वाहत्या रेघेने घडलेला. बोटांची वळणं, अर्धवट मिटलेल्या पापण्या, मानेचा कल हे सगळं कॅनव्हासवर हुबेहूब उतरवायचं. पोपडे उडालेल्या भागात स्वतःचं काही घालायचं नाही, हीच खरी परीक्षा. भारतीय कलाविद्यार्थ्यापुढे ठेवायला अजिंठ्यापेक्षा चांगला नमुना नाही, असं ग्रिफिथ्सचं मत होतं. इंग्रजी कलाशाळेच्या शिक्षकाने त्या काळात हे म्हणणं मोठीच गोष्ट.

एक डाग मात्र धुता येत नाही. रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश चढवलं गेलं. ते पिवळं पडलं आणि पुढच्या पिढ्यांच्या जतनकारांना ते खरवडत बसावं लागलं. त्याची जबाबदारी शिक्षकावरच राहते.

आणि नियती बघा. १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये पुन्हा आग लागली आणि या नकलांचाही मोठा हिस्सा जळाला. उरलेल्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे आहेत. १८९६–९७ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांवर दोन भव्य खंड निघाले. मुखपृष्ठावर नाव एकच: जॉन ग्रिफिथ्स. पेस्तनजी पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून नावाजला आणि १९३८पर्यंत जगला, तरी अजिंठा म्हटलं की आजही सामान्य वाचकाच्या तोंडी ग्रिफिथ्स येतो. तेरा वर्षांच्या काळात केलेल्या कामाचा हा हिशेब अन्यायाचाच आहे. पेस्तनजीने तिथे शिकून घेतलं हे खरं. पण त्याने काम दिलंही, आणि ते सरकारच्या उपयोगाचं काम होतं.

१९०९ ते १९११ दरम्यान लेडी हेरिंगहॅमबरोबर नंदलाल बोस, असित हालदार, समरेंद्रनाथ गुप्त, वेंकटप्पा हे तरुण पुन्हा त्याच लेण्यांत नकला करायला आले. नंदलालबाबू पुढे शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख झाले. संविधानाची हस्तलिखित प्रत सजवायचं काम आलं तेव्हा त्यांनी विद्यार्थी आणि सहकाऱ्यांची फळीच उभी केली. त्यात कोल्हापूरचे विनायक मासोजी होते. दीनानाथ भार्गव सिंहमुद्रेसाठी कोलकात्याच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन सिंह न्याहाळत. उद्देशिकेच्या पानाची नक्षी राममनोहर सिन्हा यांची, आणि तिच्या कोपऱ्यात त्यांनी ‘राम’ अशी सही केली. देशाच्या सर्वोच्च दस्तऐवजावर विद्यार्थ्याची सही चालते, तर गणपतीच्या पाटाखाली का चालू नये?

कायद्याला कलाविद्यार्थी उशिरा दिसला. शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१चा. १९७३च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर त्यात आले. बिगर-अभियांत्रिकी पदवीधरांसाठी २०१४ची दुरुस्ती यावी लागली. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ साली बारावी झालेल्याला दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं, मुदत सहा महिने. दिवाळीनंतर साचे निघतात तिथपासून भाद्रपदापर्यंतचा हंगाम पाहिला तर उन्हाळ्यापासूनचे सहा महिने कारखान्याला नेमके लागू पडतात.

उरणला आता २०२४पासून लोकल येते, मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला लाँच आहेच, आणि घारापुरीची लेणी याच तालुक्यात. मुंबईतल्या विद्यार्थ्याला पाषाणातला महेश आणि शाडूचा गणपती एकाच मुक्कामात अभ्यासता येतील अशी दुसरी जागा शोधून सापडणार नाही. त्यासाठी महाविद्यालयाने कारखानदाराशी लेखी करार करावा. नगाचा दर त्यात लिहिलेला असावा. प्रमाणपत्रावर ‘उपस्थित होता’ एवढंच न लिहिता विद्यार्थ्याने किती मूर्तींची आखणी केली, रंग लावला की साचा काढला, हे नोंदवावं. आणि मूर्तीच्या तळाला कारखान्याच्या शिक्क्याशेजारी आखणाऱ्याचं नाव असावं. त्याला एका बारीक ब्रशापलीकडे काहीच खर्च नाही.