हरलो खरे, पण कशाने?

खेळात हरण्याचे दुःख फार काळ टिकत नाही. आट्यापाट्यांत गडी बाद झाला की मुकाट्याने बाजूला होतो, कारण आपण कुठे सापडलो हे त्याला कळलेले असते. संताप येतो तो कशाने हरलो हे न कळल्यावर. मिश्र मार्शल आर्ट्सचे, म्हणजे ‘एमएमए’चे व्हिडिओ गेम खेळताना मला हा संताप पुष्कळदा येतो.

या लढतीत ठोसे, लाथा, कुस्ती, जुजुत्सू असे सारेच चालते. १९९३ साली अमेरिकेत डेन्व्हर येथे ‘यूएफसी’ची पहिली स्पर्धा झाली. तीत ब्राझीलच्या रॉइस ग्रेसीने एका रात्रीत तिघांना हरवले, तेही ठोशांच्या बळावर नव्हे, तर जमिनीवर धरून शरण आणून. या खेळाचा निम्मा जीव जमिनीवर आहे, हे तेव्हाच दिसून आले.

पडद्यावरची अडचण नेमकी इथेच आहे. ठोसा दाखवणे सोपे. कंट्रोलरची चार बटणे म्हणजे दोन हात आणि दोन पाय. बटण दाबले की फटका बसतो. पण पकड ही स्पर्शाची विद्या. समोरच्याचा भार कोणत्या पायावर आहे, हे तालमीतल्या पोराला डोळे मिटूनही उमगते. कंट्रोलरमधून तो भार हाताला जाणवत नाही. म्हणून गेम बनवणारे तिथे एखादे कोडे बसवतात. २००९ च्या ‘यूएफसी अनडिस्प्युटेड’मध्ये कंट्रोलरची दांडी गरगर फिरवायची. २०१४ साली सुरू झालेल्या दुसऱ्या मालिकेत प्रतिस्पर्धी चारपैकी कोणत्या दिशेने निसटणार, हे ताडायचे. त्याच मालिकेच्या २०२० च्या चौथ्या भागात वर्तुळावर पळणाऱ्या एका पट्टीने दुसरी झाकायची. मान आवळली गेली आहे आणि मी पट्टीमागे धावतो आहे! त्यात हरलो, तर कुस्तीतले काय शिकलो?

प्रत्येक त्रास असा निरर्थक नसतो. याच खेळांत फटक्यागणिक दम खर्च होतो. आंधळेपणाने हात चालवले की दुसऱ्या फेरीत हात जड होतात. राग येतो, पण तो स्वतःचा. उलट २०२० च्या भागात उठायचे, मारायचे की पकड घालायची एवढेच सांगितले, तर मधले डाव यंत्रच टाकते. मग जिंकल्याचेही कारण कळत नाही.

हे गाऱ्हाणे क्षुल्लक वाटेल. पण कोड्यांना कंटाळलेला खेळाडू जमिनीवर जाणेच टाळतो. खरी लढत जमिनीवर गेली की प्रेक्षक हुर्यो करतात, तीच सवय मग पडद्यावरही लागते. मला मात्र ‘हाफ गार्ड’ म्हणजे काय, अडकलेला एक पाय सोडवण्यासाठी एवढी झटापट का, हे गेममुळेच समजले. तेव्हापासून खऱ्या लढतीतली ती संथ मिनिटे मी श्वास रोखून पाहतो.

२०२३ च्या पाचव्या भागातून ते पट्ट्यांचे कोडे काढून टाकले आणि पकडीचा निकाल लढतीच्या ओघातच लागू लागला, ही म्हणूनच चांगली गोष्ट झाली. गेम सोपा करा, असे माझे म्हणणे नाही. वस्तादही पोराला दहादा पाडतो. पण पाय कुठे चुकला ते दाखवतो. म्हणून तर पोरगा अकराव्यांदा उभा राहतो.