गोंगाटाने आलेले बहिरेपण आणि भरपाई
१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने संपूर्ण बहिरेपण म्हणजे अर्जनक्षमतेची १०० टक्के हानी मानली होती, आणि गोंगाटजन्य श्रवणदोषही व्यवसायजन्य रोगांत दाखल केला होता; परंतु मागापाशी वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या विणकराचे श्रवण एकाएकी जात नाही, ते प्रथम बहुधा ४००० हर्ट्‌झच्या आसपासच्या उच्च स्वरांत झिजते, आणि आवाज कानी पडूनही शब्द उमगत नाही, ही त्याची व्यथा घरच्यांनाही बेपर्वाई वाटावी, हे फार क्लेशकारक आहे. म्हणूनच त्यास पुरेसा काळ गोंगाटापासून दूर ठेवून, नंतरच निःशब्द खोलीत दोन्ही कानांचे श्रवणमापन करणे अगत्याचे. पाळी सुटताच केलेल्या मापनात तात्पुरता बधिरपणाही कायम नुकसानीत जमा होतो. नोकरीच्या प्रारंभीचा श्रवणालेख दफ्तरी असल्यास दावा शाबीत करणे सुलभ जाते.