मोठ्या जलवाहिनीचे वेल्डिंग : एका जोडाची हकीकत

चंद्रपूरजवळच्या दुर्गापूर येथील महाऔष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. आज त्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. कोळसा आपल्या जिल्ह्यात सापडतो म्हणून केंद्र येथे आले, हे आपण शाळेत शिकलो. पण कोळशाइतकीच त्याला पाण्याची गरज असते, हे २०१० च्या उन्हाळ्यात सर्वांना कळले. इरई धरणातले पाणी आटले आणि संच बंद ठेवण्याची वेळ आली. त्याच धरणाचे पाणी चंद्रपूर शहरही पिते. असे मोठ्या प्रमाणावरचे पाणी कोसच्या कोस वाहून नेण्यासाठी काय करावे लागते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. मला तो करावा लागला, कारण माझा मोठा भाऊ जलवाहिनीवर वेल्डर आहे, आणि मागच्या उन्हाळ्याच्या सुटीत मी त्याच्याच टोळीत हेल्पर होतो. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. तेव्हा भावाचे काम कागदावर उतरवणे माझ्याकडेच आले.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. प्रत्येक जलवाहिनीला वेल्डिंग लागत नाही. गावोगावच्या नळयोजनांत बिडाचे नळ असतात, ते एकमेकांत रबरी कडे घालून दाबून बसवतात. प्लॅस्टिकच्या नळांची तोंडे तापवून चिकटवतात. व्यास मोठा आणि दाबही मोठा असला, वाटेत नदी-नाले ओलांडायचे असले, की बहुधा पोलादी नळ घेतात. आणि पोलादी नळाचा जोड म्हणजे वेल्डिंग.

आमच्या कामावरचा नळ १.२ मीटर व्यासाचा, १० मिलिमीटर जाडीचा होता. अशा नळाचे वजन मीटरमागे सुमारे ३०० किलो भरते. एक नळ १२ मीटर लांब, म्हणजे साडेतीन टनांच्या वर. एका किलोमीटरला असे ८३-८४ नळ, आणि जवळपास तितकेच जोड. नळ कारखान्यात तयार होतो. तेथे डोक्यावर छप्पर असते, यंत्र एका गतीने फिरते, शिवण सरळ पडते. जोड मात्र उघड्यावर, चरात, धुळीत आणि वाऱ्यात, माणसाच्या हाताने होतो. म्हणूनच वाहिनीचे खरे भवितव्य जोडावर ठरते. वेल्डिंगच्या जागी जी साधने गोळा होतात, ती सगळी कारखान्यातली सोय या उघड्या रानात थोडीफार आणण्यासाठी असतात, असे माझे मत झाले आहे.

जोडाचे महत्त्व जगाला पूर्वीच कळले आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात किनाऱ्याकडून वाळवंटातल्या सोन्याच्या खाणींपर्यंत सुमारे ५३० किलोमीटर लांबीची पोलादी जलवाहिनी १९०३ साली पुरी झाली. तिच्या नळांचे जोड शिसे ठोकून बसवलेले होते. पुढे त्या जोडांतून एवढी गळती होऊ लागली, की १९३० च्या दशकात वाहिनी जमिनीवर उचलून नळ वेल्डिंगने जोडावे लागले. वाहिनी आखणारा इंजिनिअर ओकॉनर हे काम पुरे होण्याआधीच, १९०२ साली, टीकेला कंटाळून आत्महत्या करून गेला होता.

आता आपल्या जोडाकडे वळू. क्रेनने नळ चरात उतरला, की फिटर आणि खलाशी त्याला आधीच्या नळासमोर आणतात. दोन्ही नळांच्या कडा आधीच तिरप्या घासलेल्या असतात. त्या समोरासमोर आल्या की इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच तयार होते. तळाशी दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवतात. फट कमी झाली तर धातू तळापर्यंत पोचत नाही, जास्त झाली तर खाली गळतो. नळ दिसायला गोल असला तरी स्वतःच्या वजनाने आणि वाहतुकीने किंचित लंबगोल झालेला असतो. तो गोल करण्यासाठी चेनपुली, जॅक, क्लॅम्प आणि पाचर मारण्याचे ‘डॉग’ वापरतात. साडेतीन टनांचा नळ, आणि भांडण दोन मिलिमीटरसाठी! नवख्याला हे हास्यास्पद वाटते. पण अर्धा वेळ यातच जातो आणि तो जावाच, असे भाऊ म्हणतो.

फट जमली की जागोजागी ‘टॅक’ मारून नळ धरून ठेवतात. मग डिझेलवर चालणारे वेल्डिंग मशीन सुरू होते. मशीनची एक केबल नळाला, म्हणजे अर्थिंगला, दुसरी होल्डरला. होल्डरमध्ये रॉड धरून कडेजवळ नेला की ठिणगी पेटते आणि तिच्या उष्णतेने रॉडचे टोक व नळाची कड दोन्ही वितळून एक होतात. नळ फिरत नसल्यामुळे वेल्डरलाच त्याच्याभोवती फिरावे लागते. वरचा भाग वाकून, बाजू उभ्याने, आणि खालचा भाग खड्ड्यात उताणे होऊन, वरून ठिणग्या झेलत. एका बाजूला वाकडी ओढ पडू नये म्हणून दोन वेल्डर समोरासमोरच्या बाजूंनी काम करतात. पहिला थर ‘रूट’. त्यावर दुसरा, तिसरा. प्रत्येक थरानंतर वरची मळी चिपिंग हातोडीने फोडायची, तारेच्या ब्रशने घासायची, ग्राइंडर फिरवायचा. हे काम हेल्परचे, म्हणजे माझे.

आयटीआयच्या प्रमाणपत्रावर भावाचा व्यवसाय ‘संधाता’ असा छापला आहे, आणि फिटरचा ‘जोडारी’. कामावर हे शब्द कोणी उच्चारत नाही. मला मात्र ‘संधाता’ आवडला. व्याकरणात संधी होताना पुष्कळदा दोन्ही वर्ण आपले मूळ रूप सोडतात. येथेही तसेच होते.

आता रॉडविषयी. त्याच्यावर जे लेपण दिसते, ते वितळलेल्या धातूवर वायूचे आणि मळीचे पांघरूण घालते, म्हणजे हवा आत शिरत नाही. मजबूत जोडासाठी जे रॉड वापरतात, त्यांचे लेपण हवेतली ओल शोषते. ओला रॉड जाळला की पाण्यातला हायड्रोजन धातूत जातो. जोडाला बारीक छिद्रे पडतात, कधी थंड झाल्यावर तडाही जातो. म्हणून रॉड आधी मोठ्या भट्टीत तीनशे अंशांच्या आसपास भाजतात, आणि नंतर वेल्डरजवळच्या छोट्या गरम डब्यात ठेवून एकेक काढतात. आपल्याकडे जूनपासून पुढे जंगलातल्या हवेला किती ओल असते, हे सांगायला नको. तरी एका ठेकेदाराकडे भट्टी दिवसातून दोनच तास चालू असे, कारण तिला डिझेल जाळावे लागते. भाऊ मला म्हणे, “रॉड हातात घेऊन पाय, गरम नसन तर मले देऊ नको.” त्याला जोडामागे पैसे मिळत. थंड रॉड परत पाठवला की तो स्वतःचीच मजुरी लांबवत असे. आणि सुंदर दिसणाऱ्या जोडाच्या पोटात काय आहे, हे त्या दिवशी कोणालाच दिसत नाही.

जोड बाहेरून झाला की काम निम्मेच होते. एवढ्या मोठ्या नळात माणूस शिरू शकतो, म्हणून आतून रूट ग्राइंडरने खरवडून, स्वच्छ धातू लागेपर्यंत घासून, पुन्हा वेल्डिंग करतात. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांपर्यंत चढतो. उन्हात पडलेल्या पोलादाला हात लावता येत नाही. त्याच्या आत वेल्डर गुडघ्यांवर बसतो. धूर कोंडतो, म्हणून एका तोंडाला पंखा लावून दुसऱ्या तोंडाने हवा काढावी लागते. दिवा २४ व्होल्टचाच हवा. घामाने हातमोजे ओले होतात, चारी बाजूंनी लोखंड असते, आणि मशीनला भार नसताना होल्डरवर ६०-७० व्होल्ट असू शकतात. बाहेर सुक्या जमिनीवर ज्याची फारशी भीती नाही, तेच येथे जिवावर बेतू शकते. म्हणून आत माणूस असेपर्यंत तोंडाशी दुसरा माणूस बसवतात. त्याने मशीनपासून हलायचे नाही, ही सक्त ताकीद. मी त्या जागी बसलो आहे. आतून ग्राइंडरचा आवाज थांबला की हाक मारायची आणि उत्तर येईपर्यंत मारतच राहायची.

डोळ्यांचे वेगळे. काळ्या काचेशिवाय ठिणगीकडे क्षणभर पाहिले तरी रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. कामगार बटाट्याच्या चकत्या ठेवतात. त्याने गार वाटते, एवढेच. सहसा एक-दोन दिवसांत ते आपोआप बरे होते. पण रोज रोज होऊ दिले तर डोळे जातात.

उन्हाचा आणखी एक खेळ आहे. पोलाद तापले की लांबते. एक किलोमीटर उघडी वाहिनी ३० अंशांनी तापली तर सुमारे ३६ सेंटिमीटर वाढते. म्हणून दोन लांब तुकडे एकमेकांना मिळवणारा शेवटचा जोड भर दुपारी करीत नाहीत. रात्री नळ आखडला की त्या जोडावर मोठी ओढ बसेल. तो पहाटे करतात. त्या दिवशी टोळी तीन वाजता उठते.

जंगलाची म्हणून काही कामे आहेत, ती पुस्तकात सापडत नाहीत. वनजमिनीचा इतर वापर करायला १९८० च्या कायद्याने मंजुरी लागते. म्हणून वाहिनी शक्यतो रस्त्याच्या कडेने जाते, आणि यंत्रांना वळायला जागा अपुरी पडते. तेंदूच्या हंगामात सागाची पाने खाली वाळून पडलेली असतात. ग्राइंडरची एक ठिणगी वणव्याला पुरे. आधी पाने झाडून घ्यायची आणि पाण्याचा ड्रम जवळ ठेवायचा. संध्याकाळी नळाचे उघडे तोंड पत्र्याने बंद करायचे, नाहीतर सकाळी आत कोण बसले असेल याचा नेम नाही.

शेवटी तपासणी. काही जोडांचे किरणोत्सर्गी इरिडियम वापरून फोटो काढतात. त्यात पोटातली छिद्रे दिसतात. मग वाहिनीचा टप्पा दोन्हीकडून बंद करून पाण्याने भरतात आणि रोजच्यापेक्षा जास्त दाब, बहुधा दीडपट, देतात. दर चौरस सेंटिमीटरला १० किलो दाब असेल, तर १.२ मीटरच्या बंद तोंडावर ११३ टनांचा रेटा येतो, म्हणजे भरलेले चार टिप्पर. वळणावर काँक्रीटचे मोठे ठोकळे का घालतात, हे मला त्या आकड्याने कळले. पंप अचानक बंद पडला की पाणी आतल्या आत आपटते आणि क्षणभर दाब आणखी चढतो. तोही या जोडांनीच सोसायचा.

चाचणीच्या वेळी टोळी चराच्या कडेने चालत प्रत्येक जोड पाहते. जेथे ओल दिसेल तेथे खडूने खूण करतात, पाणी उतरवतात, तेवढा भाग कोरून पुन्हा भरतात. प्रत्येक जोडाजवळ रंगाने जोडाचा आणि वेल्डरचा क्रमांक लिहिलेला असतो, आणि तोच नोंदवहीत असतो. गळका जोड ज्याच्या क्रमांकाचा, त्याने तो बिनपैशाने दुरुस्त करायचा, मग रॉड थंड कोणी दिला होता हे कोणी विचारत नाही. आमच्या टप्प्यात तीन जोड ओले निघाले. त्यांतला एकही भावाचा नव्हता. पण त्या तिघांपैकी एक वेल्डर तापाने फणफणला होता, म्हणून त्याचा जोड भावाने रात्री जनरेटरच्या उजेडात भरला. तिसऱ्या दिवशी लेपण चढवून माती लोटली.