लेबलला खणाची किनार, आपल्याच कॉम्प्युटरवर

मैत्रिणींनो, आपल्या मसाल्याची चव गिऱ्हाईक विसरत नाही, पण पाकीट विसरतं. स्टॉलवर चार गटांची पाकिटं शेजारी ठेवली की सगळ्यांवर दुकानवाल्याने लावलेली तीच फुलांची चौकट. त्यापेक्षा पेटीतल्या खणाचीच किनार लावू या. गिम्प नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मेनू इंग्रजीत दिसला तरी घाबरू नका, लागणारे शब्द मोजकेच आहेत.

ज्याच्या बुट्ट्या सरळ एकाखाली एक आहेत असा खण निवडा. इस्त्री करून सावलीत अंथरा, कारण उन्हात चमक येते. मोबाइल बरोबर वरून धरा. तिरका धरलात तर ओळ तिरकी येते आणि पुढचं सगळं बिघडतं.

फोटो गिम्पमध्ये उघडा. बुट्टी पुन्हापुन्हा तीच, म्हणून आपल्याला एकच पुरते. रेक्टँगल सिलेक्टने तिच्याभोवती चौरस घ्या, पण अगदी चिकटून नको. शेजारच्या बुट्टीपर्यंत जी मोकळी जागा असते, तिच्यातली अर्धी चारी बाजूंनी आत घ्या. खरी मेख इथेच आहे. कमीजास्त झालं की जोड दिसतो. मग इमेज मेनूतून क्रॉप टू सिलेक्शन, स्केल इमेजमध्ये 75 बाय 75 पिक्सेल, आणि एडिटमधून कॉपी.

75 का? चांगल्या छपाईला इंचाला 300 पिक्सेल धरतात. म्हणजे 4 बाय 3 इंचांचं लेबल 1200 बाय 900 चं झालं आणि 75 म्हणजे पाव इंच. आडव्या बाजूला बरोबर 16 बुट्ट्या बसतात, उभ्या बाजूला 12. कोपऱ्यात एकही तुटत नाही!

आता फाइल, न्यू करून 1200 बाय 900 चा कोरा कागद घ्या. चारी बाजूंनी 75 सोडून आतला चौकोन निवडा. मग सिलेक्ट मेनूतलं इन्व्हर्ट दाबा, म्हणजे फक्त कडा निवडली जाते. पॅटर्न्सच्या यादीत पहिलंच चित्र तुमच्या खणाचं असेल. त्यावर क्लिक करून एडिटमधलं फिल विथ पॅटर्न. झाली किनार.

साधी खादी किंवा गोणपाट असेल तर फिल्टर्स, मॅप, टाइल सीमलेस वापरा, जोड झाकला जातो. बुट्टीच्या कापडाला मात्र नको, बुट्ट्या एकमेकींत मिसळून धुरकट दिसतात.

किनार छान झाली म्हणून रुंद करायचा मोह होतो. करू नका. आत पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, एमआरपी, तारखा, शाकाहारीचं हिरवं चिन्ह, एफएसएसएआयचा 14 अंकी नंबर आणि गटाचा पत्ता हे सगळं वाचता येईल असं बसवायचंय. त्यातलं काही राहिलं तर नुसत्या सुंदर लेबलचा उपयोग नाही.

फाइल एक्ससीएफमध्ये सेव्ह करा, म्हणजे पुढे बदल करता येतील. दुकानात द्यायला एक्स्पोर्ट करून पीएनजी. लाल रंग कागदावर पडद्यापेक्षा गडद येऊ शकतो, म्हणून आधी एकच प्रत काढून पाकिटावर धरून बघा आणि मगच शंभराची ऑर्डर द्या.