पनवेलच्या डोंगरवाटा

रायगड जिल्ह्यातील पनवेल हे खाडीकाठचे जुने व्यापारी नगर आहे. त्याच्या पश्चिमेस भरतीओहोटीचे पाणी, तर पूर्वेस सह्याद्रीतून पुढे आलेली डोंगरांची रांग आहे. आकाश निरभ्र असले म्हणजे नगराबाहेरच्या मोकळ्या जागेतून हे डोंगर स्पष्ट दिसतात. लांबच लांब सपाट माथ्याचा तो माथेरानचा डोंगर. त्याच्या अलीकडे भव्य चौथऱ्यासारखा दिसणारा तो प्रबळगड. प्रबळगडाशेजारी उभा असलेला त्रिकोणी सुळका तो कलावंतीण. आणि दक्षिणेकडे आकाशात अंगठा उभारून राहिलेला तो कर्नाळा. दुरून पाहणाऱ्यास हे सारे डोंगर सारखेच वाटतात. परंतु जवळ गेल्यावर प्रत्येक वाटेचा स्वभाव निराळा असल्याचे ध्यानात येते. एखादी वाट लहान मुलालाही सुखाने वर नेते, तर एखादी सराईत माणसाचीही परीक्षा पाहते. आपल्या शक्तीला साजेल अशी वाट ओळखणे, ही डोंगर चढण्याच्या विद्येतील पहिली पायरी होय.

या वाटा अशा का आहेत, याचे उत्तर खडकात आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी या प्रदेशात जमिनीला भेगा पडून लाव्हारस बाहेर आला. तो निवून खडक झाला. त्यावर पुन्हा नवा रस पसरला. अशा रीतीने थरावर थर चढून सह्याद्रीचा काळा कातळ तयार झाला. या थरांपैकी काही कठीण, तर काही ठिसूळ आहेत. ऊन, वारा आणि पाऊस यांनी ठिसूळ थर झिजले व तेथे उताराच्या किंवा सपाट जागा निर्माण झाल्या. कठीण थर मात्र कड्यांच्या रूपाने ताठ उभे राहिले. म्हणूनच येथील डोंगर चढताना आधी सौम्य चढण लागते, मग छातीवर येणारा चढ लागतो आणि त्यानंतर अकस्मात मोकळे पठार येते. या पठाराला माची म्हणतात. माचीवर थोडी शेतजमीन मिळते, म्हणून तेथे लोकवस्तीही आढळते.

सर्वांत सोपी वाट सायकलीची आहे. पनवेलहून नेरे गावावरून धोदाणीकडे जाणारा रस्ता गाढी नदीच्या खोऱ्यातून जातो. गाढी नदी माथेरानच्या डोंगरात उगम पावते आणि पनवेलच्या खाडीला मिळते. रस्त्यात मोठा घाट नाही. पण लहान चढउतार आहेत. अशा ठिकाणी गिअरची सायकल उपयोगी पडते. पुढचे दंतचक्र लहान व मागचे मोठे असले, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल थोडेच अंतर जाते. परंतु पायाला जोरही थोडाच लावावा लागतो. श्रम काही नाहीसे होत नाहीत, ते अनेक फेऱ्यांत वाटले जातात. डोंगरातील पायवाट सरळ न जाता नागमोडी जाते, तीही याच कारणासाठी. अंतर वाढते, पण पावलागणिक पडणारा भार कमी होतो. वाहनांचे ज्ञान नसलेल्या पूर्वजांनी पायांच्या अनुभवानेच हे शास्त्र जाणले होते.

पायी चढण्याचा आरंभ करावयाचा असेल, तर कर्नाळ्यासारखे स्थान नाही. पनवेलपासून सुमारे १२ किलोमीटरांवर, गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गालगत कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य आहे. त्याची स्थापना १९६८ साली झाली. पायथ्याच्या झाडीतील वाटा सावलीच्या व सपाट आहेत. तेथे हळू चालावे, बोलणे थांबवावे आणि पाखरांची साद ऐकावी. ज्याचे पाय आणखी चालू इच्छितात त्याने किल्ल्याची वाट धरावी. ही वाट मध्यम प्रतीची आहे. माथ्यावर अंगठ्याच्या आकाराचा प्रचंड सुळका असून त्याच्या पायाशी खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. सुळक्यावर मधमाश्यांची पोळी असतात. म्हणून तेथे आरडाओरड किंवा धूर करणे धोक्याचे ठरते. याच महामार्गावरील शिरढोण गावी १८४५ साली आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते.

धोदाणीहून माथेरानला चढणारी वाट याहून लांब व दमविणारी आहे. आगगाडीने नेरळमार्गे जाणाऱ्या प्रवाशांना ती सहसा ठाऊक नसते. परंतु पायथ्याच्या वाड्यांतील माणसे रोजगारासाठी ती वाट नित्य चढतात. पर्यटकाच्या मनाची हौस ती त्यांच्या पोटाची वाट आहे.

सर्वांत कठीण वाट कलावंतिणीची. ठाकूरवाडीपासून चढू लागले, की प्रथम प्रबळमाची लागते. तेथे आदिवासी बांधवांची घरे आहेत. माचीवरून एक वाट सुमारे ७०० मीटर उंचीच्या प्रबळगडावर जाते. या गडाचे जुने नाव मुरंजन असे होते. दुसरी वाट कलावंतिणीच्या सुळक्याकडे वळते. येथे कातळात खोदलेल्या उंच पायऱ्या आहेत. त्यांना कठडा नाही. एका अंगास खडक, तर दुसऱ्या अंगास खोल दरी. अगदी माथ्याशी एक लहानसा कातळही चढावा लागतो. पावसात या पायऱ्या निसरड्या होतात. अशा वेळी शासनाने वाट बंद केली, तर तो आपल्या धाडसाचा अपमान समजू नये. चढताना पाय वर नेतात, पण उतरताना डोळ्यांना दरी दिसते. म्हणून चढण्याआधीच उतरण्याचा विचार करावा.

युरोपातील आल्प्स पर्वतात वाटांची प्रतवारी रंगांनी दाखविण्याची पद्धत आहे. स्वित्झर्लंडमध्ये साध्या पायवाटेची खूण पिवळी असते, डोंगरी वाटेची पांढरी-तांबडी-पांढरी, तर अतिशय अवघड वाटेची पांढरी-निळी-पांढरी. प्रवासी रंग पाहतो आणि आपली वाट ठरवितो. पनवेलच्या डोंगरांत सर्वत्र असे रंग लावलेले नाहीत. येथे वाटांची खरी माहिती असते ती वाडीतील माणसांना. कोणता दगड हलता आहे, कोणत्या ओढ्याला अवचित पूर येतो, धुक्यात कोठे थांबावे, हे त्यांना पाठ असते. त्यांचा सल्ला मानावा, सोबत वाटाड्या घ्यावा, पुरेसे पाणी बाळगावे आणि सूर्यास्तापूर्वी पायथा गाठावा.

वाडीतील माणसांसाठी ही वाट म्हणजे शाळेचा, बाजाराचा आणि दवाखान्याचा रस्ता असतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री जवळच्याच खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली. मुसळधार पावसाने डोंगरावरील माती पाण्याने जड झाली व खाली घसरली. अनेक घरे झोपलेल्या माणसांसह गाडली गेली. वाडीपर्यंत मोटाररस्ता नव्हता. मदतीस धावलेल्यांना भर पावसात, निसरड्या पायवाटेनेच वर चढावे लागले. अवजड यंत्रे तेथे नेता आली नाहीत. कुदळ, फावडी आणि हात यांनीच माती उपसावी लागली. डोंगराची वाट माणसाच्या जीवनात काय असते, हे त्या रात्री साऱ्या महाराष्ट्राला कळले.

म्हणून डोंगरावर जाणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानी धराव्यात. एक, आपली शक्ती ओळखून वाट निवडावी. आज कर्नाळ्याची झाडी, पुढील वर्षी त्याचा किल्ला, मग माथेरान आणि अंगी बळ व सावधपणा आल्यावर कलावंतीण, असा क्रम ठेवावा. आणि दुसरी, ज्या वाटेने आपण आनंदासाठी जातो ती कोणाच्या तरी दाराशी पोहोचते, याचे भान असावे. तेथे कचरा टाकू नये, पिकांतून चालू नये आणि भेटणाऱ्या प्रत्येकास आदराने रामराम करावा.